घेणे आणि देणे

त्वचा ही देहाची वेस आहे आणि त्या वेशीवर पहारेकरी आहेत. १८६८ साली बर्लिनमधील पाउल लँगरहान्स या तरुण विद्यार्थ्याने त्वचेच्या वरच्या थरात फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या. त्या मज्जासंस्थेच्या असाव्यात, असे त्याला वाटले. त्या रोगप्रतिकाराचे काम करतात, हे उमगायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

ही पेशी परके प्रथिन आत घेते, त्याचे तुकडे करते आणि एखादा तुकडा ‘एमएचसी वर्ग-२’ नावाच्या रेणूच्या खोबणीत बसवून टी-पेशींना दाखवते. अवेळी भलतेच काही बसू नये म्हणून ती खोबण एका प्रथिनसाखळीने झाकलेली असते. पेशीच्या आम्लधर्मी कप्प्यात साखळीचे तुकडे झाले, की खोबण मोकळी होते.

१९८५ साली गेरोल्ड शुलर आणि राल्फ स्टाइनमन यांनी उंदराच्या त्वचेतील या पेशी वेगळ्या काढून पोषक द्रवात ठेवल्या. दोन-तीन दिवसांत टी-पेशींना चेतविण्याचे त्यांचे सामर्थ्य कितीतरी वाढले. पुढील संशोधनातून आणखी एक गोष्ट उघड झाली. ताजी पेशी प्रथिन पचविण्यात तरबेज, पण टी-पेशींना जागे करण्यात दुबळी असते. संवर्धनात ती नवे एमएचसी रेणू आणि ती साखळी घडविणे जवळजवळ थांबविते. नवे प्रथिन पचविण्याची तिची क्षमता ओसरते. आधी घडविलेले रेणू मात्र तिच्या पृष्ठभागावर टिकून राहतात.

पेशीला ना श्रद्धा, ना चिंतन. तिच्यावर प्रवचन लादणे मला रुचत नाही. तरीही हे वाचल्यापासून एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही. रविवारच्या मिस्सेत ऐकलेले शुभवर्तमान सोमवारपर्यंत माझ्याजवळ किती उरते? पुस्तके, व्याख्याने, भ्रमणध्वनीवरचे संदेश यांचे घेणे अखंड चालूच असते. दुःखी शेजाऱ्याच्या दारी उभा राहतो, तेव्हा माझ्याजवळ पचलेला असा एक शब्दही सापडत नाही.

काहीच न स्वीकारता दार लावून बसणारेही आपल्यात आहेत. त्यांची खोबण रिकामीच राहते. आधी मनापासून घ्यावे, मग थांबावे आणि घेतलेले घेऊन दुसऱ्याकडे जावे. हा क्रम माझ्या त्वचेला ठाऊक आहे; मला तो अजून शिकायचा आहे.