अंधारात कोंबडी मोजत नाही

आज कोडबद्दल काही नाही. आज कोंबडीची पिल्लं. हसू नका, विषय गंभीर आहे!

माझी मावशी निफाडजवळच्या एका गावात राहते. तिकडे थंडीत पारा दहाच्या खाली सहज जातो. गावठी अंडी आणि तलंगा विकून येतात ते मावशीचे स्वतःचे पैसे, कुणाला न विचारता खर्च करायचे. पण दिवस लहान झाले की कोंबड्या खुडूक कमी बसतात. म्हणून २०२३ च्या डिसेंबरात मी तिला एक छोटं इन्क्युबेटर नेऊन दिलं.

यंत्राचं काम सरळ आहे. ३७.५ अंश सेल्सिअस, अंडी दिवसातून तीन-चार वेळा फिरवायची, १८ व्या दिवसापासून फिरवणं बंद आणि ओलावा वाढवायचा. २१ व्या दिवशी आतून टकटक सुरू. (खुडूक कोंबडी हेच सगळं मॅन्युअल न वाचता करते, ती गोष्ट वेगळी.) ३० अंड्यांतून २४ पिल्लं निघाली.

खरी परीक्षा त्यानंतर. पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते, पिसं भरायला चार-पाच आठवडे लागतात. तोवर बाहेरून ऊब द्यावी लागते: पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. मी थर्मामीटर टांगला, तक्ता चिकटवला. मावशी तक्त्याकडे ढुंकूनही बघायची नाही, ती पिल्लांकडे बघायची. बल्बखाली गठ्ठा करून ओरडतायत म्हणजे गारठलीत. कडेला जाऊन चोची उघडून धापा टाकतायत म्हणजे बल्ब वर घ्या. सगळीकडे पांगून कणी टिपतायत म्हणजे तुम्ही निवांत झोपा. याहून चांगला डॅशबोर्ड मी तरी पाहिलेला नाही.

तिसऱ्या रात्री दोन वाजता वीज गेली. मावशीनं चूल पेटवली, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तुसावर ठेवल्या, वरून गोणपाट टाकलं आणि हवेला एक फट ठेवली. कोळशाची शेगडी आत न्यायची नाही, बंद जागेत त्या धुरानंच पिल्लं मरतात. सगळ्यात मलूल चार पिल्लं तिनं डालग्यातल्या कोंबडीच्या पंखाखाली सरकवली. तिचीही पिल्लं त्याच वयाची होती. "ती हाकलणार नाही?" मी विचारलं. मावशी म्हणाली, "अंधारात कोंबडी मोजत नाही रे."

सहाला वीज आली. २३ जिवंत होती. एक गेलं, ते बाटल्यांजवळचं. पंखाखालची चारही टुणटुणीत!

मावशीनं ते एक परसात पुरलं, हात धुतले आणि बाटल्यांतलं पाणी बदलायला घेतलं. एप्रिलात त्यातली १७ विकली गेली. त्या पैशांत तिनं स्वतःसाठी चष्मा केला.