टेलचे पाणी

आमच्या सोमेश्वरनगरच्या परिसरात कोणतीही गोष्ट समजावून सांगायची झाली, की ती शेवटी पाण्यावर येते. नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला. तेव्हापासून बारामती-इंदापूरकडच्या माणसाचे सुखदुःख त्या पाण्याच्या मापाने मोजले जात आले आहे. कालव्याला पाणी किती सुटले, या बातमीने आमचा शेतकरी हुरळून जात नाही. तो विचारतो, "माझ्या चारीला किती आलं?" आणि टेलचा शेतकरी तेही विचारीत नाही. तो नुसता आभाळाकडे पाहतो.

घरी काचेच्या तंतूवरून इंटरनेट आले, तेव्हा मला या टेलच्या शेतकऱ्याची फार आठवण झाली.

तार घेण्याचे कारण माझे लेखन नव्हते. कादंबरी लिहायला कागद पुरतो. कारण होते आमची मुलगी. ती पुण्यातल्या एका कंपनीत नोकरीला आहे, आणि तिथे एका खोलीत तिघीजणी राहतात. कंपनीने सांगितले, आठवड्यातून एक दिवस कचेरीत या, बाकीचे दिवस कुठूनही काम करा. मात्र कामाच्या वेळी आवाज आणि चित्र तुटता कामा नये. म्हणजे मुलगी घरी राहणार की दिवाळीचे चार दिवस काढून पुन्हा पिशवी भरणार, हे आता त्या तारेवर ठरायचे होते. माझ्या पत्नीने इंटरनेटविषयी तोवर कधी चकार शब्द काढला नव्हता, ती रोज विचारू लागली, "अहो, ते वायरवाले कधी येणार?"

ते आले. दोन तासांत काम उरकून गेले. दाराजवळच तार आत घेतली, तिथेच खिळ्यावर ती पांढरी पेटी टांगली आणि शंभराचा आकडा दाखवून सही घेतली. संध्याकाळी मुलगी मागच्या खोलीत जाऊन बसली, तर तिथे आकडा अकरा!

आमच्या लोकांचा पहिला तर्क ठरलेला : "वरूनच कमी सोडतात." हा तर्क अगदीच खोटा नसतो. काचेचा एक धागा बहुधा 32 किंवा 64 घरांना वाटून दिलेला असतो, आणि प्रचलित पद्धतीत त्यातून सेकंदाला सुमारे अडीच हजार मेगाबिट उतरतात. रात्री सगळ्यांनी एकदम मालिका आणि क्रिकेट लावले, की वाटा कमी पडू शकतो. दुसरा घोळ मापाचा. जाहिरातीतला शंभर हा मेगाबिटचा, आणि फाइल उतरताना पडद्यावर दिसतो तो आकडा पुष्कळदा मेगाबाइटचा. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे शंभराचे साडेबाराच दिसायचे! ज्यांनी शेर आणि पायलीचा व्यवहार पाहिला आहे, त्यांना हे सांगावे लागत नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मात्र फळ्यावर मांडून दाखवावे लागले.

दोन दिवसांनी जवळच्याच वाडीतला एक पोरगा दुरुस्तीला आला. पोरगा हुशार निघाला. त्याने प्रथम पेटीला तार जोडून लॅपटॉपवर मोजले : चौऱ्याण्णव. "सर, दारापर्यंत पाणी आलंय. आता तुमच्या वावरातली चारी बघू," तो म्हणाला. पाण्याचा दाखला मी दिला नव्हता हो, त्यानेच दिला.

मग त्याने घर पाहिले. जुने घर, दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती, आणि पेटी व मागची खोली यांच्यामध्ये धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या रांगेने उभ्या. काचेतून शेकडो कोस आलेला प्रकाश पेटीत संपतो; पुढे रेडिओच्या लहरी. त्यांचे दोन पट्टे असतात. 5 गिगाहर्ट्‌झचा जोरकस, पण भिंतीपाशी लवकर थकणारा, 2.4 चा संथ, पण भिंत पार करणारा. पत्र्यापुढे मात्र दोघांचेही फारसे चालत नाही. म्हणजे आमचा ज्वारीचा साठा मुलीच्या नोकरीच्या आड आला होता!

कोठ्या हलवायला पत्नी तयार होईना. शेवटी पेटी माजघरातल्या त्या फळीवर गेली, जिथे पूर्वी रेडिओ असे. तिथून एक साधी तार भिंतीच्या कडेने मागच्या खोलीत नेली आणि टोकाला दुसरी लहान पेटी बसवली. असली तार शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. आम्हाला वीसही लागली नाही. काचेची तार कोपऱ्यावर काटकोनात दुमडली होती, तीही त्याने सैल वळणाची करून दिली. फार मुडपली तर तिच्यातून प्रकाश गळतो म्हणे, फुटक्या पाटासारखा.

मागच्या खोलीत आता नव्वद येतात. मुलीला नव्वदाची गरजही नाही. बोलताना चित्र दिसायला तीन-चार मेगाबिट पुरतात. तिला हवे असते ते न तुटणे. आमच्या येथून पुण्याला पोहोचायला प्रकाशाला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही, एस.टी.ला अडीच-तीन तास लागतात. काचेच्या धाग्याने टेलिफोनची केंद्रे जोडण्याचा देशातला पहिला प्रयोग पुण्यातच 1979 साली झाला. तिथून आमच्या ओसरीपर्यंत यायला त्या धाग्याला चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. कालव्याच्या मानाने हा वेग बराच म्हणायचा.

दरम्यान संध्याकाळी ओट्यावर तीन-चार मुले येऊन बसू लागली आहेत. त्यांतली दोघे पोलीस भरतीचा अभ्यास करतात. त्यांना पासवर्ड कोणी सांगितला, हे मी विचारलेले नाही. घरात तो तिघांनाच ठाऊक आहे, आणि चहा आतून कोण पाठवते ते मला दिसते.

चिंता एकच उरली होती. कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की उसाच्या ट्रॉल्या आमच्या वळणावरून डोंगराएवढ्या भरून जातात, आणि खांबावरची लोंबती तार पहिल्याच आठवड्यात तुटते, असा शेजाऱ्यांचा अनुभव. परवा त्या पोराला पुन्हा बोलावले. त्याने शिडी लावून तार पाच हात वर ताणून बांधली. पत्नी खाली उभी राहून शिडी धरीत होती, आणि "अजून थोडी वर घे रे बाळा," असे म्हणत होती.