पान कुठल्या बाजूनं मिटायचं

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते, तेव्हा आईला तंजावरला न्यायचं मी ठरवलं. दादाला ते पसंत नव्हतं. "वर्षाच्या आत देवळं कसली?" तो पुण्याहून फोनवर म्हणाला. मी म्हटलं, "देवळासाठी नाही. तिनं चार माणसांत बसून जेवावं म्हणून."

बंगळूरला माझ्याकडे आल्यापासून आई जेवत नव्हती असं नाही. पण साडेअकरा वाजता ओट्यापाशी उभ्यानंच चार घास वरणभात खायची आणि ताट विसळून ठेवायची. आम्ही टेबलाशी बसलो की म्हणायची, "माझं मघाशीच झालं." आमसुलाची आमटी तर तिनं करायचीच सोडली. ती बाबांची आमटी होती.

कुरकुरत का होईना, दादा आणि वहिनी आले. रात्रीच्या गाडीनं आम्ही तंजावरला उतरलो.

बृहदीश्वराच्या देवळात आई आत गेली नाही. दादाकडे एकदा बघितलं आणि आवारातच थांबली. देवळाच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतलाय, 1803 साली. आई शाळेत इतिहास शिकवायची. व्यंकोजीराजे, शहाजीराजे, सरफोजीराजे अशी तिकडची नावं तिला पाठ. पण मराठी मुलखापासून इतक्या दूर, चोळांच्या दगडावर आपली अक्षरं दिसल्यावर ती चष्मा पुसत एकेक शब्द लावत राहिली. ऊन चढलं तरी हलेना. शेवटी माझी लेक म्हणाली, "आजी, मला भूक लागलीय."

जुन्या बसस्टँडजवळच्या गल्लीत एका मेसबाहेर 'मील्स रेडी' अशी पाटी होती. आत लांबलचक टेबलं, एका ओळीत बाकं. आई दादा आणि माझ्या लेकीच्या मध्ये बसली. समोर केळीची पानं आली. त्यावर पाणी शिंपडून आम्ही ती पुसली. आईनं पान निरखलं. "टोक डावीकडे. आपल्यासारखंच," ती म्हणाली. मग मीठ, लोणचं, खोबरं घातलेली कोबीची भाजी, कूटू, अप्पळम आणि भाताचा ढीग. उभं राहून खायला इथे ओटा नव्हता. वाढपी ओळीनं येत होता. आईच्या पानावर आमच्याबरोबरच पडत होतं, गरम.

सांबाराची बादली आली तशी लेकीनं फोनवर वाचलेली गोष्ट सुरू केली. तंजावरच्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात म्हणे आमसुलं संपली, म्हणून आमटीत चिंच घातली. त्या दिवशी संभाजीराजे पाहुणे होते, त्यांच्या नावावरून सांबार.

"याला कागद कुठला?" आईतल्या शिक्षिकेनं विचारलं. मग भात कालवून एक घास घेतला, दुसरा घेतला. "गोष्ट आहे झालं. पण आमसूल संपलं तर चिंच घालायची, एवढं कुठल्याही बाईला सुचेल."

तिनं सांबारभात संपवला, रसमभात घेतला, ताकभात घेतला. पायसम पानावरच वाढलं, ते वळत कसं नाही म्हणून हसली. आठ महिन्यांनी हसली. मग पुन्हा वाढायला आलेल्या वाढप्याला हातानं नको म्हणाली आणि पानाची आपल्याकडची बाजू उचलून पलीकडे मिटली.

वाढपी थांबला. म्हातारा माणूस, कपाळाला विभूती. बादली खाली ठेवून तो हळूच काहीतरी बोलला. आईला कळेना. आमच्या समोर जेवत असलेल्या गृहस्थांनी हिंदीत सांगितलं, "ते म्हणतायत, अम्मा, पान आपल्याकडे मिटा. म्हणजे जेवण आवडलं, परत येऊ. पलीकडे मिटतात ते कुणी गेलेलं असतं त्या घरी."

वहिनीनं पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. दादाची मान खाली गेली. मला वाटलं, आपण हिला इथे आणायलाच नको होतं. याआधी आम्ही सगळे एका पंगतीत बसलो होतो ते बाबांच्या तेराव्याला, हे त्या म्हाताऱ्याला कुठून ठाऊक असणार?

आई पानाकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "बरोबरच मिटलं होतं की मी."

कुणी काही बोललं नाही. तिनं दोन बोटांनी पान पुन्हा उघडलं.

"उघडलंच आहे तर थोडा ताकभात वाढ म्हणावं."

म्हाताऱ्याला भाषांतर लागलं नाही. त्यानं भात आणला, वर ताक ओतलं, मिठाकडे बोट दाखवलं. तिनं तो सावकाश, शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. आम्ही सगळे रिकाम्या पानांसमोर बसून राहिलो. खाऊन झाल्यावर तिनं पलीकडची कड धरली आणि पान आपल्याकडे मिटलं. तिच्यानंतर दादानं आपलं मिटलं, मग आम्ही.

बाहेर रस्ता तापला होता. दादा चपला घालताना खालमानेनंच म्हणाला, "आई, देवळात जाऊन येऊ या का परत? आत."

"आता नको, ऊन आहे," आई म्हणाली. "संध्याकाळी जाऊ."