आवाज बंद करू, की गाडी नीट करू?

आमच्या घरी एकच चारचाकी होती. 1999 ची पांढरी मारुती 800, एमएच-29 पासिंगची. कळंबजवळच्या आमच्या गावातून ती कापसाचा चुकारा आणायला यवतमाळला धावली, लग्नांना धावली, रात्री-अपरात्री शेजारच्या बाळंतिणींना घेऊन धावली. इंजिन ऑइल मात्र कायम 'पुढच्या महिन्यात' बदललं जायचं.

2018 च्या मे महिन्यात ती विकायची ठरली. आदल्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस खाल्ला होता, त्यात आमचाही गेला. पेरणीला पैसे हवे होते. आणि नेमका तेव्हाच इंजिनातून टक्-टक्-टक् आवाज यायला लागला.

मी तेव्हा आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होतो, मोटार मेकॅनिकचा ट्रेड. म्हणजे स्वतःला अर्धा मिस्त्री समजत होतो. गाडीला पिकप नव्हता, चढावर दम लागायचा, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कार्ब्युरेटरमधून फट्-फट् व्हायचं. मी प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ केला. ठिणगी चांगली होती. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशनही चांगलं होतं. मग दुखणं कुठं? शेवटी गाडी चाचांच्या गॅरेजला नेली.

चाचांनी प्लगच्या वायरी काढल्या, इंजिनावरचं टॅपेट कव्हर उघडलं आणि मला म्हणाले, "सेल्फ मार, थोडा थोडा." आत सहा रॉकर वर-खाली व्हायला लागले. ते वाकून बघत राहिले. मग एकावर बोट ठेवलं. "हा पाय. बाकीचे पाच नाचून रायले, हा फक्त मान हलवून रायला."

कॅमशाफ्ट म्हणजे एक लांब दांडा. त्यावर अंड्यासारख्या आकाराचे उंचवटे असतात, त्यांना लोब म्हणतात. दांडा फिरला की लोबचं टोक रॉकरला उचलतं आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. इंजिन 3000 आरपीएमवर असेल, तर प्रत्येक लोब सेकंदाला 25 वेळा रॉकर दाबतो. एवढ्या दाबात धातूला धातू लागू न देणारी गोष्ट एकच, ऑइलचा पातळ पडदा. ऑइल जुनं झालं, कमी पडलं, की पडदा फाटतो. लोबची वरची कातडी कडक असते. ती टिकते तोवर सगळं ठीक. ती गेली की आतला नरम धातू भराभर झिजतो.

आमचा झिजलेला लोब मधल्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा निघाला. चाचांनी व्हर्नियर लावला. दुसऱ्या एक्झॉस्ट लोबपेक्षा हा जवळजवळ दोन मिलिमीटर बुटका होता. व्हॉल्व्ह पुरता उघडत नव्हता, जळालेला धूर आत अडकत होता आणि वाट मिळेल तिथून, म्हणजे कार्ब्युरेटरकडून, फट्-फट् करत निघत होता. पण व्हॉल्व्ह बंद मात्र नीट होत होता, म्हणून कॉम्प्रेशन चांगलं दिसत होतं. थोडं ऑइल काढून त्यात लोहचुंबक फिरवला, तर त्यावर काळी चमचमती भुकटी चिकटून आली.

"आवाज बंद करून देऊ, की गाडी नीट करून देऊ?" चाचांनी विचारलं. "दोन्ही अलग कामं हायेत."

नीट करायचं म्हणजे नवा कॅम, नवे रॉकर, नवं ऑइल. खर्च आठ हजार. घरी येऊन सांगितलं तर बाबा म्हणाले, "विकाचीच हाय नं? कस थोडं. आवाज गेला म्हंजे झालं."

त्या रात्री मी स्वतः टॅपेट कसले. लॉकनट सैल केला, स्क्रू फिरवला, गॅप हवा त्याहून कमी केला. आवाज गायब! पण मला माहीत होतं, आयटीआयमध्ये शिकलो होतो. गरम झाल्यावर धातू फुगतो. गॅपच उरला नाही, तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता तो बसतो त्या सीटमधूनच बाहेर जाते. तो बसलाच नाही तर जळतो. म्हणजे मी दुखणं लपवलं नव्हतं, वाढवलं होतं.

सकाळी राळेगावकडचा एक जण गाडी बघायला आला. पंचेचाळीस हजारांत सौदा ठरला. इसार देताना तो सहज बोलून गेला, "आईले दर हप्त्याला सावंगीच्या दवाखान्यात न्या लागते. एसटीत तिले बसवत नाही."

रात्री मी त्याला फोन केला. "दादा, गाडीत दोष हाय. मी आवाज दाबून ठेवला व्हता."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मंग आता कायले सांगतो?" मला उत्तर सुचलं नाही. शेवटी तोच म्हणाला, "नीट करून दे. खर्च किमतीतून काप."

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आठ हजार म्हणजे आमच्यासाठी बियाणं होतं.

तिसऱ्या दिवशी ते न सांगता गॅरेजला आले. तेव्हा टायमिंग बेल्ट उतरला होता, जुना कॅम बाहेर निघाला होता. रॉकरचे घासलेले तळवे बाजूला पडले होते. जुन्या रॉकरवर नवा कॅम बसवला तर तोही खाल्ला जातो, म्हणून सगळेच बदलायचे होते. बाबांनी कॅम हातात घेतला आणि त्या लोबवरून अंगठा फिरवला.

"एवढूसंच तं घासलं."

"एवढूसंच पुरते, भाऊ," चाचा म्हणाले.

बाबांनी कॅम खाली ठेवला. थोड्या वेळानं म्हणाले, "मांगच्या साली बियाण्याच्या थैलीवरबी लिवलं व्हतं, अळी येत नाही म्हणून." बस्स. मग ते चहा सांगायला गेले.

नव्या कॅमला जाड ऑइल चोपडलं, टायमिंगच्या खुणा जुळवल्या, फीलर गेजनं गॅप नीट लावला. इंजिन सुरू झाल्यावर चाचांनी ते लगेच स्लोवर सोडलं नाही, वीस मिनिटं चढत्या आरपीएमवर धरलं. नवा लोब आणि नवा रॉकर एकमेकांना रुळावेत, ही त्यांची रीत. टॅपेटचा अगदी बारीक आवाज राहिला होता. "तेवढा असू दे," चाचा म्हणाले. "तो गॅपचा हाय."

आता मी स्वतः गॅरेजमध्ये काम करतो. महिन्यातून एखादा तरी गिऱ्हाईक येतो आणि म्हणतो, 'गाडी काढायची आहे, फक्त आवाज घालवून दे.' मी आधी कव्हर उघडून त्याला रॉकर दाखवतो. मग चाचांचाच प्रश्न विचारतो.