जहाजाचे मढे कोणाच्या दारी?

बाहेरगावचे पाहुणे बाळापूरला आले की किल्ल्याचा तट पाहून थक्क होतात. आम्ही त्यांना तटावरून खालचे पाणी दाखवतो. एका अंगाने मन नदी, दुसऱ्या अंगाने म्हैस नदी, आणि मधल्या उंचवट्यावर हा किल्ला. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने तो बांधायला घेतला आणि अचलपूरच्या नवाब इस्माईलखानाने 1757 मध्ये पुरा केला. जवळच नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगाची छत्री आहे. राजे-नवाब गेले, पाणी वाहतेच आहे. हे पाणी पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेवरून खंबातच्या आखातात जाते. त्याच आखाताच्या पलीकडच्या काठावर, भावनगर जिल्ह्यात, अलंग आहे. 1983 पासून जगभरची म्हातारी जहाजे तेथे मरायला येतात. तेव्हा समुद्र न पाहिलेल्या आमच्या वऱ्हाडी गावाचा जहाजांशी काय संबंध, असे कोणी विचारू नये!

जहाजाचे मढे प्रत्यक्ष पाहिले ते मात्र मुंबईत. 2014 साली महापरिनिर्वाण दिनाला बाळापूर-पारसची मंडळी चैत्यभूमीवर गेली होती. अभिवादन झाले, शिवाजी पार्कवर पुस्तके घेऊन झाली. दुसऱ्या दिवशी एका नातलगाच्या खोलीवर जायचे म्हणून आम्ही हार्बर लाइनच्या रे रोड स्टेशनवर उतरलो. तेथून पूर्वेला दारूखाना. नाव ऐकून आमच्यातले दोघे हसले, पण ही दारू तोफेची, बाटलीची नव्हे! दोन्ही बाजूंना साखळदंड, नांगर, लोखंडी पत्रे, जहाजातल्या खुर्च्या, संडासाची भांडीसुद्धा विकायला मांडलेली. आणि दूर, पत्र्यांच्या वर डोके काढून, ‘विक्रांत’ उभी होती.

हीच ती विमानवाहू नौका. 1961 मध्ये नौदलात आली, 1971 च्या युद्धात लढली, 1997 मध्ये निवृत्त झाली. 2012 पर्यंत मुंबईत तिचे संग्रहालय होते. पुढे सुमारे 60 कोटी रुपयांना लिलावात गेली. ती वाचवावी म्हणून लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण ऑगस्ट 2014 मध्ये तोही मार्ग बंद झाला. आमच्याबरोबरच्या आजी बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “एवढं मोठं जहाज बाप्पा, अन् मेल्यावर त्याले कोठी जागाच नाही काय?”

आजींचा प्रश्न आमच्या कारकुनी डोक्यात रुतून बसला. कचेरीतली मोडकी खुर्ची टाकायची तर जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद पाहावी लागते, निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो, साहेबाची सही लागते. मग हजारो टनांचे जहाज टाकायला काय कागद लागतो? त्यानंतर जमेल तसे वाचत गेलो.

पूर्वी काहीच लागत नसे. जहाज भर समुद्रात नेऊन बुडवले की काम झाले. 1972 च्या लंडन करारात पहिल्यांदा ठरले की जुने जहाज मुद्दाम बुडवणे म्हणजेही समुद्रात कचरा टाकणे. 1996 मध्ये नियम आणखी कडक झाला. काहीही टाकायचे नाही. ज्या थोड्या वस्तूंना सूट आहे त्यांत जहाज येते, पण त्यालाही सरकारचा परवाना हवा, आणि तरंगणारा व विषारी माल आधी जास्तीत जास्त काढलेला हवा. जहाज तोडण्याबाबतचा हाँगकाँग करार 2009 मध्ये झाला आणि लागू झाला 26 जून 2025 रोजी. म्हणजे सोळा वर्षे! आपल्या देशाने 2019 मध्ये त्यात सामील होऊन जहाज पुनर्वापराचा कायदा केला. त्याप्रमाणे जहाजात कोणते विष कोठे आहे याची यादी मालकाने ठेवायची आहे. ही जहाजाची जडवस्तू नोंदवहीच म्हणा ना.

पण या कायद्यातून आणि करारातून युद्धनौका वगळल्या आहेत. जे नियम सरकार दुसऱ्याला लावते त्यातून ते स्वतःच्या नौका सोडवून घेते, हे आम्हाला पटत नाही. विष काही गणवेश पाहून अंगात शिरत नाही.

विष म्हणजे प्रामुख्याने ॲस्बेस्टॉस. उष्णता अडवायला जुन्या जहाजांत ते भिंतींत, पाइपांवर भरलेले असते. त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात बसतात आणि वीस-तीस वर्षांनी कर्करोग होऊन वर येतात. तोवर ठेकेदार कोठे, मजूर कोठे! (माताभगिनींनी लक्षात ठेवावे, आपल्या घरांवरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांतही हेच असते. फुटका पत्रा पोराबाळांना ठोकू देऊ नका, घासू देऊ नका. हलवायचाच तर आधी ओला करा.)

फ्रान्सकडे दोन जुळ्या विमानवाहू नौका होत्या, ‘क्लेमांसो’ आणि ‘फॉश’. क्लेमांसो 31 डिसेंबर 2005 रोजी अलंगच्या वाटेला लागली. पोटात ॲस्बेस्टॉस होते. आपल्याकडे आणि तिकडेही ओरड झाली, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला दाराशीच थांबवले आणि फेब्रुवारी 2006 मध्ये फ्रान्सने तिला परत बोलावले. शेवटी ती इंग्लंडमध्ये तोडली. दुसरी फॉश 2000 मध्ये ब्राझीलने घेतली. म्हातारी झाल्यावर तिला तोडायला तुर्कस्तानकडे नेले, 2022 मध्ये त्यांनीही परवानगी रद्द केली. परत आली तर स्वतःच्या देशातही बंदर मिळेना. 3 फेब्रुवारी 2023 रोजी ब्राझीलच्या नौदलाने ती विषासकट अटलांटिकमध्ये, सुमारे पाच हजार मीटर खोल पाण्यात बुडवली.

हे वाचताना आम्हाला गावकीतली मेलेली ढोरे आठवली. ढोर जिवंत असेपर्यंत दूध-शेण-नांगर पाटलाचा, मेल्यावर ओढायला महार! 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा म्हणून सांगितले आणि आपल्या वाडवडिलांनी गावोगावी मेलेली ढोरे ओढणेही टाकले. त्यापायी मार खाल्ला, बहिष्कार सोसले. जहाजांचेही तेच नाही काय? भाडे, नफा, ऐट श्रीमंत देशांची, आणि मढे ओढायला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचा मजूर. भरतीच्या वेळी जहाज थेट वाळूवर चढवायचे आणि चिखलात उभे राहून गॅसकटरने कापायचे. कोणी म्हणेल, बंद करा हे सगळे. आम्ही तसे म्हणणार नाही. त्या चिखलातून हजारो चुली पेटतात, आणि कापलेले लोखंड पुन्हा वितळून घराच्या सळया होतात. पण जहाज साफ करण्याचा खर्च ज्याने त्यावर पैसा कमावला त्याने द्यावा, आणि मजुराला मुखवटा, दवाखाना, पगारी कार्ड मिळावे. ढोराचे कातडे त्याला आणि दुर्गंधी आम्हाला, हा हिशोब आपण एकदा नाकारलेला आहे.

बुडवण्याची गोष्ट आता आपल्या राज्यातही आली आहे. जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ समुद्रात बसवून पर्यटकांना दाखवायची, अशी पर्यटन विकास महामंडळाची योजना. फेब्रुवारी 2025 मध्ये कारवारला ती ताब्यात घेतली आणि साफसफाईसाठी विजयदुर्गला आणली. माशांना घर होईल, गावाला धंदा मिळेल, असे सांगतात. होवो बापडे. पण काय काय काढले त्याची यादी निवती-वेंगुर्ल्याच्या मच्छीमारांना मराठीत वाचून दाखवली पाहिजे.

बाबासाहेबांना विलायतेला नेणाऱ्या बोटींचे काय झाले, असे गेल्या वर्षी विहारात एका मुलीने आम्हाला विचारले. दोन सापडल्या. 1930 च्या ऑक्टोबरात पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ते ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ने गेले, ती 1942 मध्ये अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली, अजून तळाशी आहे. दुसऱ्या परिषदेची ‘मुलतान’ 1954 मध्ये स्कॉटलंडमध्ये भंगारात तोडली. मुलीने दोन्ही नावे वहीत लिहून घेतली आणि नकाशात स्कॉटलंड कोठे ते दाखवा म्हणाली.