सगळं घरचं, पैसा तेवढा नाही

साठच्या दशकात चिंचवडात वाढलेली आम्ही चुलत भावंडं जमलो की पहिली आठवण निघते ती माजघरातल्या कणगीची. शेणामातीनं लिंपलेली, आमच्या डोक्यावर जाणारी. तळाच्या भोकातला चिंध्यांचा बोळा उपसला की ज्वारी घळाघळा सुपात पडायची. पावसाळा लांबला की आजी कणगीवर टिचक्या मारून अंदाज घ्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या लहान व्हायच्या.

मीठ, चहा, रॉकेल, काड्याची पेटी, कापड एवढंच बाजारातून. बाकी घरचं, नाहीतर गावातलं. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी वर्षभर गावाचं काम करायचे आणि सुगीला खळ्यावरून बलुतं न्यायचे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली ‘गावगाडा’त हाच व्यवहार मांडला होता.

थोरले काका पक्के खादीवाले. गांधीजींचं ग्रामस्वराज्य, वर्ध्याला 1934 साली निघालेला ग्रामोद्योग संघ, तो चालवणाऱ्या कुमारप्पांचं अर्थशास्त्र, जेवताना हेच. हातसडीच्या तांदळाचे गुण ते सांगू लागले की आत्या स्वयंपाकघरातून म्हणायची, “दादा, तांदूळ गुणाचा खरा, पण सडायचा कुणी?” पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायकांचा हिशेब काकांच्या ग्रामस्वराज्यात कुठंच नव्हता. बलुत्यातला भेदही नव्हता. सुतार ओट्यावर बसून चहा घ्यायचा. अस्पृश्य मानलेल्यांच्या पदरात मात्र धान्य वरून पडायचं. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत खेड्यांच्या गोडव्यांवर कोरडे ओढले, ते उगाच नाही.

आमच्या लहानपणापर्यंत शेजारी पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला होता. मग 1962 साली एमआयडीसी आली, टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. थोरला चुलतभाऊ ‘कंपनीत लागला’ आणि घरात दरमहा रोख पैसा दिसू लागला. दळण गिरणीत गेलं. त्या दिवशी काका हळहळले, आई-काकू नाही.

मामाचं गाव चाकणकडचं. तिथं कांदा भरघोस पिकायचा आणि मातीमोल जायचा. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून शरद जोशी आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले, आणि 1978 साली त्यांच्या पुढाकारानं चाकणला कांद्याचं आंदोलन पेटलं. जानेवारी 1980 मध्ये त्याच भागातल्या वांद्रे गावापासून चाकणपर्यंत रस्त्यासाठी मोर्चा निघाला. जोशींचं म्हणणं सरळ होतं: शेतमालाला उत्पादन खर्च भरून निघेल असा भाव द्या, गावाचा विकास गाव करून घेईल. मामाला ते लगेच पटलं. काकांना नाही. दिवाळीत दोघं समोरासमोर आले की फराळ तसाच राहायचा.

आज दोघांचं अर्धं अर्धं बरोबर वाटतं. चाकणला मोटारींचे कारखाने आले, जमिनींना सोन्याचा भाव आला. कांद्याच्या भावाची रड मात्र तशीच आहे. आणि आपल्या गावात काय पिकावं, काय राहावं, हे गावानं ठरवायचं, हा काकांचा आग्रह जमिनी विकल्या गेल्यावर जास्त पटतो.

म्हणून नातवंडांना जुनं गाव सांगायचं तर पुरतं सांगावं. बायकांच्या आणि बलुतेदारांच्या कष्टांना मोल नसलेली स्वयंपूर्णता पुन्हा नको. ज्याचे कष्ट, त्याला त्याचा दाम, हे जमलं तरच ग्रामस्वराज्य म्हणावं.