आमची विहिरीतली पाणबुडी

"विहिरीवरची मोटार जळाली!" हे वाक्य तुमच्यापैकी पुष्कळांनी घरात ऐकलं असेल. आमच्या हिंगोली जिल्ह्यात उन्हाळा लागला की रिवायंडिंगच्या दुकानापुढे मोटारींची रांग लागते. मिस्त्रींना विचारलं, "मामा, का जळाली हो?" तर ते मान वर न करता सांगतात, "लोड जास्त, वायर बारीक."

हे चार शब्द नीट लक्षात ठेवा. पाण्याखाली चालणारं एक छोटं यंत्र आम्ही घरी बनवलं, तेव्हा सगळी गाडी याच चार शब्दांपाशी येऊन थांबत होती.

यंत्र कशाला हवं होतं, ते आधी सांगतो. आमच्या विहिरीतला फुटव्हॉल्व्ह पाणी धरीना. (आमच्याकडे त्याला सगळे 'फुटबॉल'च म्हणतात, तेव्हा विहिरीत फुटबॉल अडकला असं कुणी म्हणालं तर हसू नका.) तो पाइपसकट वर ओढायचा तर चार माणसं लागतात. कुणी बुडी मारून बघायचं तर तो जिवावरचा खेळ. तेव्हा नववीतला माझा पुतण्या म्हणाला, "काका, आपण कॅमेराच खाली सोडू या की!" नुसता दोरीला बांधलेला कॅमेरा गरगर फिरतो, हवं तिकडे तोंड करत नाही. म्हणून त्याला मोटारी लावायच्या ठरल्या.

सांगाडा अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा. मागे दोन मोटारी पुढे-मागे जाण्यासाठी आणि वळण्यासाठी, मध्ये एक उभी, वर-खाली होण्यासाठी. मोटारी १२ व्होल्टच्या, औषधाच्या प्लास्टिकच्या डब्यांत ग्रीस भरून बसवलेल्या. वीज फवारणीच्या पंपाच्या बॅटरीची. ती काठावरच राहणार आणि तिथून वायर खाली जाणार. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेचा आणि पाण्याचा असा खेळ कधीच करायचा नाही, आणि मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय विहिरीच्या काठाला जायचंच नाही. यावर आमच्या घरात चर्चा होत नाही, तुमच्याही होऊ नये.

आता पंखा, म्हणजे प्रोपेलर. खेळण्यातल्या बोटींचे तीन पंखे आमच्याकडे होते : ३, ४ आणि ६ सेंटिमीटर व्यासाचे. पुतण्याचं मत अगदी सरळ होतं. "मोठा लावू. मोठा पंखा, जास्त जोर!"

तुम्हालाही तसंच वाटतं ना? मग हा हिशोब बघा. त्याच आकाराचा पंखा दुप्पट व्यासाचा केला आणि तितक्याच वेगाने फिरवायचा म्हटला, तर त्याला दुप्पट नव्हे, चौपटही नव्हे, तब्बल ३२ पट शक्ती लागते! त्यात पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट. बिचारी छोटी मोटार एवढी शक्ती आणणार कुठून? ती मंद होते, आणि डीसी मोटार मंद झाली की जास्त विद्युतधारा ओढते. त्या जास्तीच्या धारेतली बरीचशी ऊर्जा पाणी ढकलण्याऐवजी मोटार तापवण्यात जाते.

आम्ही वाद घातला नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा मागून आणला, जनावरांच्या हौदात यंत्र सोडलं, काट्याला बांधलं आणि मल्टिमीटर जोडला. ३ सेंटिमीटरचा पंखा साधारण १ अँपिअर घेई, पण ओढ अगदीच कमी. ४ सेंटिमीटरचा २ अँपिअर घेई आणि काटा अडीचशे ग्रॅमपर्यंत जाई. ६ सेंटिमीटरचा जवळजवळ ५ अँपिअर खाई, काटा मात्र तिथंच, अडीचशेच्या जरासा पुढे! दोन मिनिटांत डबी हाताला गरम लागली. पुतण्याने स्वतःहूनच तो पंखा काढला. मिस्त्रीमामांचं 'लोड जास्त' ते हेच.

पुढची अडचण वायरची. हौदात वायर हातभर होती, विहिरीसाठी १५ मीटर हवी. वीज जाते आणि परत येते, म्हणजे तांब्याचा रस्ता ३० मीटरचा झाला. टेलिफोनच्या अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तारेत एवढ्या अंतराला सुमारे २.६ ओहम रोध होतो. तुमच्या पुस्तकातला ओहमचा नियम लावा : २ अँपिअर गुणिले २.६ ओहम, म्हणजे ५ व्होल्टपेक्षा जास्त वाटेतच गेले. १२ पैकी मोटारीला ७ सुद्धा मिळेनात. शेतातली मोटार अशा वेळी उलट जास्त धारा ओढते आणि जळते. आमची डीसी मोटार नुसतीच मलूल झाली.

"मग जाड वायर घेऊ!" घरांत वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची घेतली तर जेमतेम पाऊण व्होल्ट जातो. पण तीन मोटारींच्या तीन जोड्या, म्हणजे नुसतं तांबंच सव्वा किलोच्या आसपास! अडीचशे ग्रॅम ओढणाऱ्या मोटारींनी ही शेपटी ओढायची कशी? शेवटी पाऊण चौरस मिलिमीटरची वायर घेतली. दीडेक व्होल्ट गेले ते जाऊ दिले आणि वायरला जागोजागी थर्माकोलचे तुकडे बांधून तिला तरंगती केली.

खरे पाणबुडे यंत्रमानवही याच पेचातून जातात. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचा 'रोसब ६०००' हा यंत्रमानव २०१० साली हिंदी महासागरात पाच हजार मीटरपेक्षा खोल गेला होता. एवढ्या लांब केबलमधून त्याला हजारो व्होल्टने वीज पाठवतात. व्होल्ट जास्त, तर तेवढ्याच शक्तीला धारा कमी, आणि धारा कमी तर बारीक तारेतही नुकसान थोडं. शेतातल्या डीपीपर्यंत ११ हजार व्होल्टची लाइन याच कारणाने येते. मला तर डीपीकडे बघितलं की आता समुद्रच आठवतो.

मग एका रविवारी सकाळी यंत्राला वेगळी नायलॉनची दोरी बांधून विहिरीत सोडलं. मोबाइलच्या पडद्यावर आधी दगडी भिंत दिसली, मग एक बेडूक, मग पाइप. फुटव्हॉल्व्हजवळ पोचताच पंख्यांनी तळाचा असा गाळ उडवला की पडदा चहासारखा झाला. मोटारी बंद करून अर्धा तास बसून राहिलो. गाळ खाली बसला तेव्हा दिसलं, जाळीला खताच्या पोत्याचा एक निळा तुकडा घट्ट चिकटला होता.